एक दुरुस्ती हाय

आमचा चुलत सासरा घराबाहेर पडला की खांद्यावर खुर्ची घेऊन पडायचा. लोखंडी, घडीची, पाठीवर कुण्या मंडपवाल्याचं नाव अर्धवट खरवडलेलं. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, दवाखाना असो नाही तर लेकीचं गाव, खुर्ची सोबत. एस.टी.चा कंडक्टर म्हणायचा, "मामा, हिचं पण तिकीट काढा." तर म्हातारा म्हणायचा, "ती उभी हाय. बसली की काढतो."

गाव त्याला मामा म्हणायचं. मी सून, मला म्हणणं भागच होतं. बाकीचे उगाच म्हणायचे.

खुर्ची का नेता, असं विचारलं की दर वेळी वेगळं कारण. कधी म्हणायचा गुडघा दुखतो. कधी म्हणायचा सरकारी खुर्चीत ढेकूण असतात. एकदा तलाठ्याला म्हणाला, "तुमची खुर्ची हलती, माझी हलत न्हाई, ती घरची हाय." खरं कारण आम्हाला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं. तो तरणा असताना चावडीवर आमच्या माणसांनी खाली बसायचं, ते पण पायरी सोडून. पुढं दिवस बदलले, चावडीवर खुर्च्या आल्या, "बसा मामा" म्हणणारे पण निघाले. पण म्हाताऱ्याला कुणी बसा म्हटल्यावर बसायचं नव्हतं. त्याला आधीच बसलेलं असायचं होतं.

माझ्या चुलत सासूला ह्यातलं काही कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "खुर्ची वाहायला खांदा हाय. घागर म्हटली की उसण भरती." हे शंभर टक्के खरं होतं. त्या माणसानं जन्मात पाण्याची घागर उचलली नाही. घोरायचा असा की शेजारचं कुत्रं उठून दुसरीकडं जायचं. तंबाखू दुसऱ्याची खायचा आणि स्वतःची टोपीत लपवायचा. तो गेल्यावर भाषणं करणाऱ्यांनी त्याला फार मोठा करून टाकला. मी तसं करणार नाही. त्याची धोतरं मी धुतलीत.

त्याचं दुसरं खूळ म्हणजे दुरुस्ती. हा शब्द त्याला साखर कारखान्याच्या सभेत सापडला. वतनाच्या जमिनीतला एक तुकडा त्याच्या वाट्याला आला होता, त्यात थोडा ऊस लावून त्यानं कारखान्याचा एक शेअर घेतला होता. वर्षाच्या सभेला मोठा मांडव पडायचा. चेअरमन माईकवर विचारायचे, "मंजूर?" आणि मांडव ओरडायचा, "मंजूर, मंजूर." कशाला मंजूर ते पुढच्या रांगेलाही माहीत नसायचं. एका वर्षी ते ओरडणं थांबल्यावर मागून म्हाताऱ्यानं हात वर केला. "एक दुरुस्ती हाय."

चेअरमन आमच्याच गावच्या पाटलाच्या घरातले. ओळखत होते. म्हणाले, "बोला मामा."

"सभेला चहा गार मिळतो. गरम पाहिजे."

मांडव हसला. चेअरमन पण हसले, म्हणाले, "मंजूर." म्हातारा बसला नाही. म्हणाला, "हसून न्हाई जमायचं. लिवा. माझी दुरुस्ती मंजूर झाली असं लिवा." कारकुनानं लिहून घेतलं तेव्हाच खुर्चीवर टेकला. पुढच्या वर्षी चहा गरम होता, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचं काही खरं राहिलं नाही. जेवताना म्हणायचा, "कोरड्यास चांगलं झालंय. एक दुरुस्ती हाय, मीठ." माझ्या लेकाचं नाव ठेवलं तेव्हा पाळण्यापाशी उभं राहून दुरुस्ती मांडली. शेजारच्या म्हातारीची तिरडी बांधत होते तिथं पण मांडली. बांबू बदलायला लावला. तिची सून म्हणाली, "जिवंत होती तवा तर कधी विचारपूस केली न्हाई." म्हातारा म्हणाला, "तवा ती स्वतःच बोलायची की."

आता वेशीचं सांगते, म्हणजे त्याचं तिथं काय होतं ते कळेल.

आमच्या गावाला दगडी वेस होती. निजामाच्याही आधीची, असं शाळेतले गुरुजी म्हणायचे. मोठी कमान, आणि कमानीच्या आत दोन्ही बाजूंना माणूस आडवा होईल एवढे ओटे. त्याला देवडी म्हणायचे. मोठ्या रस्त्याच्या फाट्यावरून गावाकडं यायला लागलं की आधी दोन्ही बाजूंनी आमची वस्ती लागायची, मग वेस, आणि वेशीच्या आत गाव. म्हणजे आम्ही गावाचे, पण गावाबाहेर. देवडीत बसून वेस राखायची ते वेसकराचं काम आमच्या घराण्याचं. म्हाताऱ्याच्या आज्यानं केलं, बापानं केलं, तरणेपणी त्यानं पण केलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. दीक्षा घेतल्यावर आमच्या माणसांनी गावकीची कामं सोडली. त्या दिवशी म्हाताऱ्यानं काठी चावडीवर नेऊन टेकवली आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हा परत देवडीत जाऊन आडवा. चेअरमनचे वडील, तेव्हाचे पाटील, तिथून चालले होते. म्हणाले, "काय रे, काम सोडलं ना?"

"सोडलं."

"मग हितं कावून?"

"काम सोडलं, सावली कावून सोडू?"

मरेपर्यंत तो दुपारचा देवडीतच बसायचा. म्हणजे बाहेर जाताना खुर्ची न्यायचा आणि वेशीत गेला की खुर्ची बाजूला टेकवून दगडावर बसायचा. आमच्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना ह्याचा राग यायचा. एक जण तोंडावर म्हणाला, "मामा, वेसकरकी परत मागायची हाय का? ही गुलामीची खूण हाय." म्हातारा म्हणाला, "कामाला लाज होती. दगडाला कसली लाज. आणि बे, तू परीक्षेत नापास झाला तर शाळा पाडतो का?"

ह्या वेशीवर गदा आली ती दुष्काळात.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीला गेली होती, गावात टँकर यायचा. टँकर वेशीतून आत जायचा नाही, अडायचा, म्हणून आमच्या वस्तीसमोर उभा राहायचा. आणि तरी आम्हाला पाणी शेवटी मिळायचं. गावातल्या बायका आधी भरून घ्यायच्या. आमची आणि त्यांची रोज भांडणं, झिंज्या धरण्यापर्यंत. त्याच सुमारास ग्रामपंचायतीत बाईची राखीव जागा निघाली आणि मला उभं करून निवडून आणलं. चौथी झालेली दुसरी बाई वस्तीत नव्हती. म्हातारा म्हणाला होता, "सही करायच्या आधी वाच. चौथीचं वाचन तेवढ्याला पुरतं."

तर कारखान्याची योजना अशी होती. पलीकडच्या गावांचा ऊस आमच्या गावातून कारखान्याला जायचा. ट्रक वेशीत बसत नव्हते, लांबून वळसा पडायचा. चेअरमन म्हणाले, वेस काढू, रस्ता रुंद करू, त्या जागी कारखान्याच्या खर्चानं चौक करू. चौकात सिमेंटचे दोन बैल आणि उसाची मोठी मोळी उभी करू, येणाऱ्याजाणाऱ्याला कळलं पाहिजे की हे ऊसवाल्यांचं गाव आहे. आणि वेशीबाहेरच्या वस्तीला पाण्याची टाकी आणि नळ देऊ.

वर्ष असं की कोसाकोसात उसाचं एक टिपरू नव्हतं. पण योजना होती.

गावात दोन तट पडले. गुरुजी आणि त्यांच्यासारखे चार जण म्हणायचे, वेस हा गावाचा ठेवा आहे, एकदा पाडली की पुन्हा व्हायची नाही. गुरुजी माणूस चांगला. पण त्यांच्या घरी रांजण भरलेला असायचा. मी त्यांना म्हणाले, "गुरुजी, ठेवा कुणाचा? आत राहणाऱ्याचा का बाहेर राहणाऱ्याचा?" ते म्हणाले, "सगळ्यांचा." मी म्हणाले, "मग टँकर पण सगळ्यांचा करा."  मला टाकी पाहिजे होती. मी कुणापासून लपवलं नाही.

ठराव व्हायच्या आधीच बैल तयार झाले. चेअरमनना घाई होती. परळीकडचा एक कारागीर आला, ग्रामपंचायतीच्या आवारात बांबूची परांची बांधून कामाला लागला. माणूस गणपती चांगले करायचा म्हणे. बैल त्यानं कुठल्या कॅलेंडरवर बघून केले कोण जाणे. तयार झाल्यावर गाव बघायला लोटलं आणि बराच वेळ कुणी काही बोलेना. काहीतरी चुकतंय एवढं सगळ्यांना कळत होतं. म्हातारा खुर्ची घेऊन आला, बैलांसमोर उघडली, बसला, आणि म्हणाला, "एक दुरुस्ती हाय. वशिंड."

बैलांना वशिंडच नव्हतं. पाठ घोड्यासारखी सपाट. घरोघर बैल असणारं गाव, रोज येऊन बघत होतं, आणि चेअरमनच्या कामाला नाव कोण ठेवणार म्हणून सगळे गप्प होते. कारागिरानं मग दोन्ही बैलांना वशिंडं चिकटवली. ती गळवासारखी दिसायची, पण होती.

माझं त्या बैलांशी वेगळंच भांडण झालं. सिमेंटला पाणी मारावं लागतं, नाही तर तडकतं. कारागीर टँकरच्या पाण्यातून पिंप भरून घ्यायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ बैलांना आंघोळ घालायचा. आमची बैलं छावणीत बादलीभर पाण्याला महाग, आणि ही सिमेंटची ओलीचिंब. मी आवारात गेले आणि पिंप ओतून घेतलं आमच्या घागरींत. सरपंच आले धावत. म्हणाले, "बैल तडकले तर जबाबदार कोण?"

मी म्हणाले, "आमी तडकलो तर कोण जबाबदार ते आधी सांगा."

सरपंच चेअरमनच्या शब्दातला माणूस, पण मनानं वाईट नव्हता. त्यानं पिंप बंद केलं. एका बैलाच्या पोटाला चीर पडली ती तशीच राहिली.

ठरावाची ग्रामसभा होती त्याच्या आदल्या दुपारी मी वेशीत गेले. म्हातारा देवडीत बसला होता, पाय पसरून. मी म्हणाले, "मामा, उद्या वेस पाडायच्या बाजूनं मी हात वर करणार हाय. तुमाला आधी सांगावं म्हणून आले."

"कर."

"तुमी काय करणार?"

"मी काय सदस्य हाय? मी बसणार."

मग थोड्या वेळानं त्यानं सरकून मला एक दगड दाखवला. ओट्याच्या मागच्या भिंतीत होता, मधोमध खोलगट, म्हशीच्या पाठीसारखा तुळतुळीत. म्हणाला, "हे कुणी घडवलं न्हाई. माझ्या आज्याच्या अन् बापाच्या पाठीनं झालंय. पाटलाच्या वाड्यात हाय का असा एक तरी दगड?"

मी म्हणाले, "न्हाई. पण मामा, दगड पिता येत न्हाई."

"खरं हाय," तो म्हणाला. "तेच बघतोय मी."

काय बघतोय ते सांगितलं नाही. मला वाटलं म्हातारा खचला. घरी आल्यावर चुलत सासूला सांगितलं. ती म्हणाली, "खचत न्हाई तो. खचला की जेवत न्हाई, आज चार भाकरी खाल्ल्यात."

ग्रामसभा मारुतीच्या पारापाशी भरली. म्हातारा खुर्ची घेऊन आला तसे गुरुजी खूश झाले. त्यांना वाटत होतं, रोज वेशीत बसणारा माणूस आहे, हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. गुरुजींनी भाषण केलं. मग सरपंचानं ठराव वाचला आणि विचारलं, "मंजूर?" आमच्या वस्तीतल्या पोरांनी सगळ्यात मोठ्यानं मंजूर म्हटलं. मी हात वर केला. गुरुजी म्हाताऱ्याकडं बघत राहिले.

म्हाताऱ्यानं हात वर केला. "एक दुरुस्ती हाय."

सरपंच म्हणाला, "मामा, चहा आज गरमच हाय." लोक हसले.

"चहाचं न्हाई. वेस पाडा. रस्ता मोठा करा. बैल बसवा, आता वशिंड पण हाय त्यांना. फक्त दगड फोडायचे न्हाईत. उतरवायचे, अन् परत उभे करायचे."

"कुठं?"

"आमच्या शेवटच्या घराच्या पलीकडं, फाट्याच्या अंगाला."

सरपंच म्हणाला, "तिथं वेस कावून? तिथं काय हाय?"

म्हातारा म्हणाला, "वेस कुठं असती सरपंच?"

"गाव संपतं तिथं."

"मग गाव कुठं संपतं?"

सरपंचानं हातातला ठरावाचा कागद उलटून बघितला. आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. वस्तीच्या अलीकडं गाव संपतं म्हणावं, तर समोर आमची सगळी वस्ती बसलेली, तिच्या मतांवर निवडून आलेला तो. पलीकडं संपतं म्हणावं, तर वेस तिकडंच पाहिजे. पाराच्या वरच्या अंगाला पाटलांच्या भावकीची माणसं बसली होती. त्यांच्यात कुजबुज झाली, पण उभं राहून बोललं कुणी नाही. सरपंचाशेजारी बसलेले चेअरमन खालच्या पट्टीत त्याला म्हणाले, "होऊ द्या. दगड कोण रचत बसतंय." ते मला ऐकू आलं, म्हाताऱ्याला पण आलं असणार. गुरुजींनीच आधी मंजूर म्हटलं. मग सगळ्यांनी.

घरी येताना मी म्हणाले, "मामा, हे आधी सांगायचं की."

म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू गुरुजीशी भांडली असती का? तू भांडली म्हणून टाकी पक्की झाली."

वेस उतरवायचं काम रोजगार हमीवर निघालं आणि मजूर म्हणून आमच्याच वस्तीतली माणसं लागली. मी पण होते, सदस्य असले तरी पोट होतंच. म्हातारा सकाळपासून खुर्ची टाकून समोर. "पहार हळू. हाणू नगा, उचला. तो डावीकडचा, त्याला डावीकडंच ठेवा." दगडांवर गेरूनं खुणा करायला लावल्या. खाली उतरलेला एकेक दगड त्यानं आमच्या वस्तीच्या मोकळ्या जागेत लावून घेतला, जसा भिंतीत होता तसा, फक्त आडवा. वस्तीतली पोरं, जी पाडा म्हणत होती, तीच आता "मामा, हा कुठला?" म्हणून विचारायला लागली.

कमानीचे दगड उतरले त्या दिवशी ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला. त्याला रस्त्याच्या भरावाला दगड पाहिजे होते. तो म्हणाला, वेशीचे सगळे दगड भरावात धरलेत, चेअरमनचा शब्द आहे. दोन माणसं खुणा केलेले दगड ट्रॉलीत टाकायला लागली. म्हातारा उठला, खुर्ची घेतली, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लावून उघडली आणि बसला.

ठेकेदार म्हणाला, "म्हाताऱ्या, ऊठ. चिरडून मरशील."

"चिरड. पण ठराव वाचून चिरड."

टँकरला बायका उभ्याच होत्या. त्या दिवशी गावातल्या पण होत्या आणि आमच्या पण. मी हाक मारली. आमच्या आल्या ते ठीकच. पण गावातल्या पण घागरी घेऊन आल्या आणि ट्रॉलीला गराडा घातला. रोज माझ्याशी भांडणारी एक होती, ती ठेकेदाराला म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला हात तर लाव." तिला तो कधीपासून आमचा झाला, मला माहीत नाही. विचारलं पण नाही. असल्या वेळी विचारू नये.

शेवटी चेअरमन जीपमधून आले. उन्हात म्हातारा, भोवती बायका, ट्रॅक्टर बंद. त्यांनी घाम पुसला आणि ठेकेदाराला म्हणाले, "घे बाबा मुरूम दुसरीकडनं. ह्याच्याशी मी सभेत हारलोय, रस्त्यावर कुठं जिंकू."

रचायला पाणी नव्हतं. गुरुजी आता रोज यायचे, म्हणायचे, चुन्यातच बांधलं पाहिजे, मूळ बांधकाम चुन्यातलं आहे. चुन्याला पाणी लागतं. म्हातारा म्हणाला, "माणसाला न्हाई अन् दगडाला कुठून?" मग चुना न घालता कोरडीच रचली, दगडावर दगड, सांध्यात दगडाच्या बारीक कपऱ्या ठोकून. रस्त्याच्या ह्या बाजूला एक देवडी, त्या बाजूला एक. मधून उसाचा ट्रक जायचा तर कमान बसणार नव्हती, एवढी रुंद कमान कुणाला येते. गुरुजींना वाईट वाटलं. म्हातारा म्हणाला, "बरंच झालं. पडली असती तर कुणाच्या तरी डोस्क्यात पडली असती." कमानीचे दगड त्यानं दोन्हीकडच्या भिंतींवर चढवले. खोलगट दगड फाट्याकडून येताना उजव्या हाताच्या देवडीत बसवला आणि त्याला पाठ लावून बघितली. उठला, दगड मूठभर खाली घ्यायला लावला, परत टेकला. तीन माणसांच्या कमरा मोडल्या त्यात.

टाकी झाली. पाणी पुढच्या पावसाळ्यानंतर आलं, आणि ते पण एक दिवसाआड.

सगळं झालं, पण वेस ती वेस होईना. गावातली माणसं म्हणायची, "बैलाच्या चौकात भेटू." लग्नाची वरात चौकात थांबायची, नारळ चौकात फुटायचा. आमच्या त्या दगडांना गाव म्हणायचं, "मामाचा ढिगारा." एक जण तर तोंडावर म्हणाला, "मामा, तुमच्या ढिगाऱ्यात विंचू निघत्यात का?" म्हातारा म्हणाला, "येतात. तुज्यासारखे." पण त्याला लागायचं. ठरावानं दगड हलतात, तोंडं हलत नाहीत, हे त्याला कळत होतं. जेवायला बसला की भाकरी कुस्करून ठेवायचा. चुलत सासू मला म्हणाली, "आता खरंच खचलाय."

मग पाऊस झाला, छावण्या उठल्या आणि दोन वर्षांच्या खंडानंतर पोळा भरला. पोळ्याची आमच्याकडची रीत अशी की बैल रंगवून, झुली घालून वेशीबाहेर गोळा करायचे. वेशीत तोरण बांधायचं. मानाचा बैल पाटलाच्या घरचा, म्हणजे चेअरमनचा. तो तोरणाखालून आत गेला की मग बाकीचे. आमच्या वस्तीचे शेवटी. आणि बैल सोडायच्या आधी पाटलानं वेसकराला विचारायचं, सोडायचे का? वेसकर होता तोवर विचारायचे, पुढं नुसतं तोंडदेखलं देवडीकडं बघायचे.

आता तोरण कुठं बांधायचं? भावकीनं परस्पर ठरवलं, बैलाच्या चौकातच. सकाळी म्हाताऱ्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं खुर्ची घरीच ठेवली आणि जाऊन आपल्या देवडीत बसला.

दुपारी चौकात बैल गोळा झाले आणि गोंधळ उडाला. दोन वर्षं छावणीत बांधलेली जनावरं. समोर ते सिमेंटचे दोन, ऑइलपेंटनं डोळे लाल रंगवलेले, उन्हात चकाकणारे. चेअरमनचा मानाचा बैल त्यांच्याकडं बघून फुसफुसला आणि मागं सरला. मागच्याची शिंगं कुणाच्या झुलीत अडकली. एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला गटार, बैल वळवायला जागा नाही. चेअरमनची कासऱ्याला ओढाताण चालली होती, टोपी पडली होती, बैल पाऊल पुढं टाकेना. हलगीवाले थांबले. भावकीतला एक जण म्हणाला, "आता काय करायचं?"

चेअरमननी टोपी उचलली, झटकली. म्हणाले, "काय करायचं काय. चला वेशीवर."

कुणी विचारलं नाही कुठली वेस.

सगळा गाव बैल घेऊन आमच्या वस्तीतून निघाला. आमच्या दारांवरून, आमच्या न्हाणीवरून, शेवटच्या घराच्या पलीकडं. तिथं बैल वळवले, ह्या देवडीपासून त्या देवडीपर्यंत लांब दोर टाकून तोरण बांधलं. दोर कमी पडला, आमच्याच घरातून आणला. चेअरमन मानाचा बैल घेऊन पुढं उभे राहिले. उजव्या हाताला देवडीत म्हातारा दगडाला पाठ लावून बसलेला. चेअरमननी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या वडिलांनी ज्या आवाजात विचारलं असतं त्याच आवाजात विचारलं, "काय मामा, सोडायचे का?"

म्हातारा उठला नाही. टोपीतून तंबाखू काढली, स्वतःची, मळायला लागला.

"मला कावून विचारता?" म्हणाला. "मी वेसकर न्हाई. मी गावात राहतो."